मीकात विमानातून दिसत नाही, मग अब्बांनी इहराम कधी बांधायचा?

पत्र:

आपा, सलाम. माझं माहेर दारव्हा तालुक्यातलं, अब्बा कापूस-सोयाबीनवाले. यंदा हज कमिटीच्या ड्रॉमध्ये अम्मी-अब्बांचा नंबर लागला, फ्लाइट नागपूरहून आहे, जेद्दाची आहे असं सांगतात. घरात आनंद पाहिजे तर रोज भांडण. बडे अब्बा म्हणतात गावातूनच इहराम बांधून निघा, दादा जहाजानं गेले तेव्हा तसेच निघाले होते, गाव पाहील, हार घालील. मामू म्हणतात काही गरज नाही, जेद्दाले उतरल्यावर बांधा, एअरपोर्टवर सगळी सोय आहे. अब्बांना गावासमोर दोन चादरींवर यायची लाज वाटते, अन् त्यांना ऐकू कमी येते, विमानात मीकातची अनाउन्समेंट झाली अन् ते झोपलेले असले तर? अम्मी रडतेच, म्हणते मीकात सुटलं तर सगळा हज वाया गेला. मला तर हेच समजत नाही की मीकात म्हणजे नेमकं काय, तिथं उतरायचं असते का, वरून दिसते का? अन् एक गोष्ट कोणाला विचारता येत नाही, अम्मीची पाळी अजून पूर्ण गेली नाही, नेमकी त्याच दिवशी आली तर? मी कोणाचं ऐकू?
— एक लेक

उत्तर:

वालेकुम सलाम बेटा. पहिले तर मुबारक, अन् अम्मीला सांग की रडायचं बंद कर, कारण ती ज्याला घाबरते आहे तसं काही होत नाही, ते मी पुढं सांगतेच. तुझं पत्र वाचून मला एक गोष्ट लगेच दिसली ती अशी की तुमच्या घरात तिघंही इहराम म्हणजे कपडे असं धरून चालले आहेत. बडे अब्बांसाठीही कपडे, मामूंसाठीही कपडे, अन् अब्बांना लाजही कपड्यांचीच. पण इहराम कपड्यानं लागत नाही बेटा, इहराम म्हणजे हज-उमऱ्याच्या बंद्यांची हालत, ती लागते नियत करून, म्हणजे मनात इरादा करून, तलबिया, ती 'लब्बैक'ची पुकार, म्हटल्यावर. चादरी आधी गुंडाळून माणूस दिवसभर बसला अन् नियत केली नाही, तर तो नुसता चादर गुंडाळलेला माणूस आहे, त्याच्यावर इहरामची कोणतीच बंदी नाही. कपडे एकीकडं, नियत एकीकडं. हे दोन वेगळे केले की तुमचं अर्धं भांडण तिथंच मिटते.

आता मीकात. मक्केच्या चारही बाजूंनी काही ठिकाणं ठरलेली आहेत, हज किंवा उमऱ्याला, म्हणजे लहान हजला, जाणाऱ्यानं तिथून पुढं इहरामशिवाय जायचं नाही. पैगंबर साहेब, रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, यांनी ही ठिकाणं वाटेवाटेप्रमाणं ठरवून दिली. मदिनेकडून येणाऱ्यांसाठी झुल-हुलैफा, त्याला आता अब्यार अली म्हणतात, मस्जिद-ए-नबवीपासून नऊ-दहा किलोमीटरवर, अन् मक्का तिथून चारशे किलोमीटरच्या वर, म्हणजे सगळ्यात लांबचं मीकात हेच. शाम अन् मिसर, म्हणजे सीरिया अन् इजिप्तकडच्यांसाठी जुहफा, राबिग शहराजवळ. नज्द म्हणजे मध्य अरबस्तानवाल्यांसाठी कर्न-उल-मनाझिल, ताइफच्या बाजूला, त्याला आज अस-सैल अल-कबीर म्हणतात, मक्केपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. यमनकडच्यांसाठी दक्षिणेला यलमलम, साधारण शंभर किलोमीटर. पाचवं झात-इर्क, इराकवाल्यांचं. अन् नियम असा की ज्याच्या वाटेत जे मीकात येईल ते त्याचं, तो मूळचा कुठलाही असो, म्हणजे आपला नागपूरचा हाजी मदिनेहून मक्केला निघाला तर त्याचं मीकात मदिनावाल्यांचंच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या पाचव्याच्या गोष्टीत आहे, म्हणून ती नीट सांगते. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळात कुफा अन् बसरा ही नवीन शहरं वसली, तिथले लोक त्यांच्याकडं आले अन् म्हणाले की आम्हाला कर्न आडवाटेला पडते, तिकडून जायचं म्हटलं तर फार त्रास होतो. उमर म्हणाले, मग तुमच्या वाटेवर त्याच्या बरोबरीत येणारी जागा पहा, अन् त्यांच्यासाठी झात-इर्क ठरवलं. बुखारी या हदीसच्या किताबात हे आहे. म्हणजे प्रत्यक्ष त्या ठिकाणी पाय ठेवलाच पाहिजे असं नाही, त्याच्या बरोबरीत आलो की मीकात आलं. आपल्या वावराचा धुरा पहा नं, दगड दोन कोपऱ्यांवर असतात पण धुरा तर पूर्ण लांबीचा असतो, मधून कुठूनही ओलांडला तरी माणूस दुसऱ्याच्या वावरात गेलाच. मीकातही तसंच आहे, अन् विमानवाल्यांसाठी हाच नियम चालतो.

आपल्याकडून जेद्दाला जाणारं विमान पूर्वेकडून, अरबस्तानच्या वाळवंटावरून, ताइफच्या बाजूनं येते. म्हणजे कर्न-उल-मनाझिलची बरोबरी आकाशातच ओलांडली जाते अन् जेद्दा त्याच्या पुढं, समुद्राच्या काठाला आहे. तिथं विमान थांबत नाही, उतरायचं नसते, खाली पाहून काही ओळखूही येत नाही. उतरायच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी ती जागा येते, हजच्या फ्लाइटमध्ये तशी अनाउन्समेंटही करतात. पण विमान तासाला आठशे-नऊशे किलोमीटर जाते, अनाउन्समेंट ऐकून माणूस उठला, वरच्या कप्प्यातून बॅग काढली, बाथरूमच्या लाइनीत उभा राहिला, तोवर मीकात कधीच मागं गेलं. इतक्या लोकांमागं बाथरूम चार-सहा, अन् आत नीट वळताही येत नाही, तिथं अडीच मीटरची चादर कोण गुंडाळणार?

म्हणून मामूंचं ऐकायचं नाही. त्यांना रागावू नको, त्यांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. आपल्याकडं १९९५ पर्यंत मुंबईहून हाजींची जहाजं जायची. ते लोक लाल समुद्रातून वर जायचे, यलमलमची बरोबरी समुद्रात यायची, जहाजावर भोंगा वाजायचा, जहाज हळू, माणसाजवळ अंघोळीला अन् कपड्याला वेळच वेळ. त्या जहाजवाल्यांबद्दल उलमांमध्ये दोन मतं होती, काहींनी म्हटलं की जहाज किनाऱ्याकिनाऱ्यानं जाते, हद्दीच्या आत शिरत नाही, तर जेद्दापर्यंत थांबता येते. ती गोष्ट समुद्राच्या वाटेची आहे. विमान तर मीकातच्या वरून आत येते, त्याला ती सूट लावून चालत नाही, अन् आपल्याकडचे बहुतेक मौलाना हेच सांगतात. मामूंना हा फरक सांगजो, समजूतदार असतील तर त्यांना पटेल.

बडे अब्बांचंही तसंच आहे. दादा घरून इहराम बांधून निघाले असतील तर ते चुकीचं नाही, मीकातच्या आधी इहराम बांधता येतो. पण नियत घरातून केली तर बंद्या घरापासून लागल्या. दारव्ह्याहून नागपूर, तिथं हज हाऊसवर रिपोर्टिंग, मग एअरपोर्ट, त्यात फ्लाइट लेट झाली तर अजून एक रात्र, अन् हे सगळं एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात. एवढा वेळ टोपी नाही, सेंट नाही, वासाचा साबण नाही, नख तुटलं तरी जीव घाबरा. म्हाताऱ्या माणसाला काहून हा त्रास? अन् गावाच्या हाराचं काय? मोगऱ्याचा हार गळ्यात पडणार, कोणी मायेनं अत्तर लावणार, प्रत्येकाला नको-नको म्हणत फिरायचं. नियत झालेली नसली तर हे सगळं चालते. अब्बा पांढऱ्या कुर्त्या-पायजाम्यात, टोपी घालून, गावभर गळाभेट घेऊन निघू दे, बडे अब्बांना जे गावाला दाखवायचं आहे ते दिसेल, अन् अब्बांची लाजही राहील. फक्त अत्तर इहरामच्या चादरींना लागू देऊ नको, अंगाला नियतच्या आधी लावलेलं चालते, चादरीला वास राहिला तर अडचण.

मग करायचं कसं ते सांगते. गुस्ल म्हणजे पाक अंघोळ, नखं, मिशा, बगलेचे केस हे सगळं निघायच्या दिवशी घरीच आटोपून घ्या. नागपूरला हज हाऊसवर पोचले की बस एअरपोर्टला निघायच्या आधी अब्बांनी चादरी लावायच्या. तिथं दोनशे माणसं त्याच दोन चादरींत असतात, पटवारीही तसाच अन् पानठेलेवालाही तसाच, अब्बांना लाज वाटायला जागाच राहत नाही. मकरूह, म्हणजे नमाजला नापसंत, वेळ नसेल तर डोकं झाकून दोन रकात नफिल, म्हणजे जास्तीची नमाज, पढायच्या, जागा किंवा वेळ नाही मिळाला तर राहू दे, त्याशिवायही इहराम होतो. नियत तिथं करू नका. नियत विमान उडल्यावर.

विमानात केव्हा? तरणाबांड माणूस असता तर मी म्हटलं असतं की जेवण होऊ दे, उतरायला दीड तास राहिला की कर. पण अब्बांना ऐकू कमी येते अन् झोप लागते, तर त्यांनी थांबूच नये. विमान सुटलं, सीटच्या पट्ट्याची बत्ती विझली, की टोपी काढायची, मनात उमऱ्याची नियत करायची, तोंडानं म्हणायचं की या अल्लाह मी उमऱ्याची नियत करतो, माझ्यासाठी सोपं कर अन् कबूल कर, अन् लगेच तलबिया. झालं. आता मीकात वरून कधी गेलं ते त्यांना समजलं नाही तरी काही फरक पडत नाही, ते झोपेत असले तरी इहराममध्येच आहेत. अनाउन्समेंटच्या भरवशावर कोणालाच ठेवायचं नाही, ऐकू चांगलं येणाऱ्यालाही नाही. कानाची मशीन, चष्मा, घड्याळ, हे इहराममध्ये चालते, मशीन काढायची गरज नाही.

उमऱ्याची नियत काहून म्हटलं, तर आपल्याकडचे बहुतेक हाजी तमत्तोअ करतात, म्हणजे पहिले उमरा, तो झाला की इहराम उतरतो, अब्बांचं मुंडण अन् अम्मीच्या केसांचं टोक बोटाच्या एका पेराएवढं. मग मक्केत साध्या कपड्यात राहायचं अन् ८ झिलहजला, म्हणजे हजच्या महिन्याच्या आठव्या दिवशी, हजचा इहराम पुन्हा बांधायचा. तो बांधायला मीकातपर्यंत जायचं नसते बरं, मक्केत आहेत तर आपल्या राहत्या बिल्डिंगमधूनच. हा प्रश्न मला दर वर्षी हजच्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये कोणी ना कोणी विचारतेच.

आता एक अशी गोष्ट जी मी प्रत्येक घराला हात जोडून सांगते. इहरामच्या चादरी मोठ्या बॅगेत टाकायच्या नाहीत. मोठी बॅग नागपूरला आपल्या हातातून जाते ती थेट तिकडं मिळते, अन् चादरी त्यात गेल्या की माणूस विमानात शिवलेल्या कुर्त्यात, जो इहराममध्ये पुरुषाला चालत नाही, बसून राहते. असं झालंच, तर नियत थांबवायची नाही! नियत अन् तलबिया मीकातच्या आधी करून टाकायची, डोकं उघडं ठेवायचं, चादर मिळाली की लगेच कपडे बदलायचे, अन् शिवलेल्या कपड्यात जो वेळ गेला त्याचा काय बदला द्यायचा ते मौलाना सांगतील. तो बदला लहान आहे, बिना इहरामचं मीकात ओलांडणं त्याहून मोठं.

चादर लावायची प्रॅक्टिस घरी करून घ्या, एकदा नाही, आठ दिवस रोज. खालची चादर कमरेला उजवीकडून डावीकडं अन् डावीकडून उजवीकडं अशी घट्ट आणायची, बेंबी झाकली पाहिजे, खाली घोट्याच्या वर राहिली पाहिजे, मग वरचा काठ बाहेरच्या बाजूनं दोन-तीन वेळा खाली गुंडाळायचा अन् त्यावर खिशाचा पट्टा आवळायचा. पट्टा चालते, त्यात पासपोर्ट-पैसे राहतात. गुंडाळी ढिली राहिली तर चालताना पहिले मागून सुटते, माणसाला समजतही नाही, म्हणून गुंडाळून झाल्यावर अब्बांना दोन-चार वेळा खाली बसून उठायला लाव, जिना चढायला लाव. आतून चड्डी-बनियन काही नाही, म्हणून ही प्रॅक्टिस. अब्बा घरी लुंगी लावत असतील तर त्यांना अवघड नाही, फक्त लुंगी शिवलेली असते अन् ही शिवलेली नसते, म्हणून पायऱ्यांवर समोरून उघडते, तेवढं हातानं धरायचं. वरची चादर दोन्ही खांद्यांवर. उजवा खांदा उघडा ठेवायचा तो फक्त तवाफच्या, म्हणजे काबाभोवती फेऱ्या मारायच्या, वेळी, लोक विमानापासूनच उघडा टाकून बसतात अन् नमाजही तशीच पढतात, ते बरोबर नाही. टॉवेलचं जाड कापड घेऊ नको, आपल्याला उन्हाची सवय असली तरी ते घामानं जड होते, सुती घे अन् एक जोड जास्तीचा ठेव. चप्पल हवाई, पावलाच्या वरचं हाड उघडं राहील अशी.

नियत झाल्यावर विमानात ज्या गोष्टीनं गडबड होते ती म्हणजे हात पुसायचा तो ओला कागद. जेवणासोबत देतात, त्याला सेंटचा वास असते, माणूस सवयीनं फाडून तोंड पुसते. बाथरूममधला साबणही वासाचाच. अम्मीच्या पर्समध्ये बिनवासाचा साबण अन् दोन सुती रुमाल टाकून देजो, पण तो रुमाल अब्बांनी तोंडावर टाकून झोपायचं नाही. अन् विमानात एसीची थंडी लागली तर ब्लँकेट अंगावर घ्यायचं, डोक्यावरून-तोंडावरून नाही. अब्बांना झोपेत तोंडावर ओढायची सवय असेल तर अम्मीनं लक्ष ठेवायचं.

अम्मीला चादरी नाहीत. बाईचे नेहमीचेच कपडे, पांढरेच पाहिजे असंही काही नाही, अंग झाकणारे, सैल. अम्मी साडीच नेसत असेल तर लांब बाह्यांचं पोलकं अन् वरून मोठी ओढणी, पण गर्दीत, पायऱ्यांवर सलवार-कुर्ता सोपा पडते, आतापासून घालून सवय केली तर बरं. डोकं झाकायचं, चेहऱ्याला कापड लागू द्यायचं नाही. तलबिया अब्बांनी मोठ्यानं, अम्मीनं आपल्याच कानाला ऐकू येईल एवढी.

पाळीचं तू लाजत-लाजत विचारलं, यात लाजायचं काही नाही, अन् हे तर थेट मीकातवरच घडलेलं आहे. हिजरी १० मध्ये रसूलुल्लाह आपल्या शेवटच्या हजला निघाले, काफिला झुल-हुलैफाला थांबला, तिथं हजरत अबू बकर यांच्या बीबी अस्मा बिन्त उमैस बाळंत झाल्या, मुलगा झाला, मोहम्मद. आता विचार कर, मदिनेतून नुकतेच निघालेले, मक्का चारशे किलोमीटर, अन् बाई बाळंत. त्यांनी विचारून पाठवलं की मी आता काय करू. उत्तर आलं की अंघोळ कर, कपडा बांधून घे अन् इहराम बांध. मागं फिर असं सांगितलं नाही. म्हणून पाळी आली तरी अम्मीनं गुस्ल करायचा, स्वच्छतेसाठी, नफिल पढायच्या नाहीत, नियत करायची, तलबिया म्हणायची. इहराम पूर्ण लागतो. पाळी आहे म्हणून इहराम न बांधता मीकात ओलांडलं तर तीच चूक होते, अन् किती बाया भोळेपणानं हेच करतात, कारण घरात कोणाला विचारलेलं नसते. मक्केत पोचल्यावर पाक होईपर्यंत तवाफ नाही, मस्जिदीत जायचं नाही, खोलीवर दुआ करायची, तस्बीह करायची, इहराममध्येच राहायचं, पाक झाली की गुस्ल करून उमरा. रसूलुल्लाहच्या बीबी हजरत आयशांना त्याच सफरमध्ये मक्केच्या अलीकडं सरिफला पाळी आली, त्या रडत होत्या, तर रसूलुल्लाह म्हणाले की ही गोष्ट अल्लाहनं आदमच्या लेकींसाठी लिहिलेली आहे, हाजी जे करतात ते सगळं कर, फक्त तवाफ करू नको. अम्मीला हे वाचून दाखवजो, माझ्या दहा समजावण्यांपेक्षा याचा फायदा होईल. हजचे दिवस आले अन् तोवर पाळी थांबलीच नाही, असं झालं तर त्याचीही वाट आहे, तिथल्या मौलानांना विचारायचं, मनानं ठरवायचं नाही. अन् पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या शेजारणीच्या सांगण्यावरून नाही, डॉक्टरला बीपी-शुगर सगळं सांगूनच.

याच आयशांच्या नावानं मक्केत मस्जिद-ए-आयशा आहे, तनईमला, काबाच्या मस्जिदीपासून सात-आठ किलोमीटरवर. त्यांचा वेगळा उमरा राहिला होता म्हणून रसूलुल्लाहनी त्यांना भाऊ अब्दुर्रहमानसोबत तिथं पाठवलं, तिथून इहराम बांधून त्यांनी उमरा केला. मक्केत राहून अजून उमरा करायचा तर लोक तिथंच जातात. पण अम्मी-अब्बांना सांगजो, सोबतवाले रोज जातात म्हणून तुम्ही रोज जाऊ नका, हजचे पाच दिवस चालायचं आहे, पाय त्याच्यासाठी राखून ठेवा. अन् कोणी ताइफच्या झियारतीला नेतो म्हटलं तर लक्षात असू दे की ताइफ मीकातच्या बाहेर आहे, तिथून मक्केला परत येताना आपल्या हनफी मसल्यानं, म्हणजे आपण पाळतो त्या नियमानं, इहराम बांधूनच यावं लागते.

आता अम्मीची मोठी भीती. मीकात सुटलं म्हणजे हज वाया, हे खरं नाही. बिना इहरामचं ओलांडलं गेलं तर उमरा-हजचे अरकान म्हणजे विधी सुरू करायच्या आधी कोणत्याही मीकातवर परत जायचं अन् इहराम बांधून यायचं, मग काही देणं लागत नाही. परत जाणं झालं नाही तर जिथं आहे तिथून इहराम बांधायचा अन् दम द्यायचा, म्हणजे हरमच्या, म्हणजे मक्केच्या पाक, हद्दीत एक बकरा किंवा मेंढा. हज होतो. हे मुद्दाम करायला सांगत नाही, जाणूनबुजून केलं तर गुनाह आहेच, अन् जेद्दा एअरपोर्टवरून हाजींना आपल्या मर्जीनं मीकातवर परत जाता येत नाही, ग्रुपची बस ठरलेली असते, पासपोर्ट जमा होतात, म्हणून दमच पडते. पण चूक झाली तर तिला वाट आहे, दीनमध्ये म्हाताऱ्या माणसाला रडवत बसायचं असं काही नाही.

एक गोष्ट पक्की करून घे. तू लिहिलं जेद्दाची फ्लाइट आहे असं "सांगतात". सांगतात नाही, कागदावर पहा. हज कमिटीच्या काही फ्लाइट पहिले मदिनेला जातात. तसं असेल तर वरचं विमानातलं काहीच लागू नाही, अब्बा शिवलेल्या कपड्यात, टोपी घालून जातील, मदिनेत राहतील, अन् मक्केला निघायच्या दिवशी बिल्डिंगवर गुस्ल करून, चादरी लावून बसमध्ये बसतील. बस झुल-हुलैफाला थांबते. मस्जिद मोठी आहे, अंघोळीची-वजूची भरपूर सोय आहे, पण गर्दी अशी की नवरा एका दारानं अन् बायको दुसऱ्या दारानं, बाहेर सगळ्या बसा एकसारख्या. अब्बांना हाक ऐकू येणार नाही. म्हणून दोघांनी बसमधून उतरतानाच बसच्या नंबरचा मोबाइलवर फोटो काढायचा, कोणत्या खांबाजवळ भेटायचं ते ठरवायचं, कपडे बिल्डिंगवरच बदललेले असले की तिथं फक्त नफिल अन् नियत राहते. तेवढं करायचं अन् परत बसमध्ये.

जेद्दाची पक्की निघाली तर अब्बांच्या हातातल्या पिशवीत काय-काय जाईल ते आताच काढून ठेव, दोन चादरी, पट्टा, हवाई चप्पल, बिनवासाचा साबण, मशीनचे जास्तीचे सेल, अन् नागपूरला पिशवी हातातच आहे हे तू स्वतः पाहून घेजो. भांडणाचं मात्र निघायच्या आधीच मिटवा, इहराममध्ये भांडण मना आहे हे कुरआनात आलेलं आहे, सूरह बकरात, अन् अब्बा मामूंशी न बोलता निघाले तर ती गोष्ट त्यांना तिकडंही टोचत राहील. बडे अब्बा अन् मामू दोघांना एका दिवशी जेवायला बोलाव, अन् हे पत्र अब्बांसमोर मोठ्यानं वाच. वाचून झालं की तलबिया सगळ्यांनी सोबत म्हणायची, लब्बैक अल्लाहुम्म लब्बैक, लब्बैक ला शरीक लक लब्बैक, इन्नल हम्द वन्निअमत लक वल मुल्क, ला शरीक लक. अब्बांना वाचता येत नसेल तर तुकडे कर, एका दिवशी एक तुकडा, फजरनंतर, त्यांच्या चांगल्या कानाकडं बसून.